तुम्ही विचारलंत म्हणून: मेटल डिटेक्टर वाजल्यावर खणायचं कसं?

‘डिटेक्टर वाजतो छान, पण वस्तू काढताना तिला खुरप्याचा ओरखडा पडतोच. नीट खणायचं कसं?’ ठाणे-वाशीकडचे नवे हौशी हे हमखास विचारतात. वस्तू खोल असते म्हणून ओरखडा पडत नाही. ती नेमकी कुठे आहे हे कळायच्या आत आपण वरून खुपसतो, म्हणून पडतो. तेव्हा निम्मं काम खुरपं हातात घेण्याआधीचं आहे.

आवाज आला की कॉइल, म्हणजे डिटेक्टरच्या टोकाची तबकडी, हळू डावी-उजवीकडे फिरवा. सर्वांत मोठा आवाज येतो तिथे मनात एक रेघ धरा. मग काटकोनात वळून उभं राहा आणि पुन्हा तसंच करा. दोन रेघा छेदतात तिथे वस्तू. एका दिशेने दोनदा टिकटिक आणि दुसरीकडून एकदाच, असं झालं तर बहुधा आडवा पडलेला खिळा समजा. स्क्रीनवरच्या खोलीवर फार विसंबू नका. तो आकडा नाण्याएवढी वस्तू धरून काढलेला असतो. खाली मोठं पातेलं असेल तर ते आहे त्यापेक्षा बरंच वर दाखवतं.

आवाज एका सरळ रेषेत पुढे पुढे जातच राहिला तर तिथे खणायचंच नाही. ती केबल किंवा पाइप. सोसायटीच्या आवारात याहून मोठा धोका न वाजणाऱ्या गोष्टीचा आहे: घरगुती गॅसच्या जमिनीखालच्या बऱ्याच लाइन प्लॅस्टिकच्या असतात आणि डिटेक्टरला त्यांचा पत्ताच लागत नाही. लाइन कुठून गेली आहे हे सेक्रेटरींना किंवा प्लंबरला आधी विचारा, आणि तिथून लांबच राहा.

गवतात खणायचं तर गोल खड्डा पाडू नका. मध्यापासून सात-आठ सेंटिमीटर सोडून तीन बाजूंनी सरळ खाली, साधारण दहा सेंटिमीटर कापा. चौथ्या बाजूची मुळं तशीच ठेवा आणि तो तुकडा पेटीच्या झाकणासारखा उलटा. पातं मध्याकडे तिरपं घातलंत की ते थेट वस्तूवर जातं. बहुतेक ओरखडे इथलेच. पिनपॉइंटर, म्हणजे हातात मावणारा छोटा डिटेक्टर, आधी झाकणाच्या खालच्या अंगाला लावा, वस्तू पुष्कळदा तिथेच चिकटलेली असते. नसेल तर खड्ड्याच्या तळाला, मग भिंतींना.

इथून पुढे माती बाजूने काढायची, थोडी थोडी, आणि सगळी पोत्यावर टाकायची. पिनपॉइंटर जोरात वाजू लागला की खुरपं ठेवा. बोटं आणि बांबूची चपटी कामटी पुरे. वस्तूची कड दिसली की हात शिवशिवतात, पण ओढायचं नाही. कडेने सगळीकडची माती मोकळी करा, खालूनही, आणि मातीच्या गोळ्यासकट उचला. खड्डा अचानक गप्प झाला तर आणखी खोल जाऊ नका. पोत्यावरची माती तपासा. सरकलेलं नाणं कडेवर उभं राहिलं तर तिथेच असूनही आवाज क्षीण होतो, हेही लक्षात असू द्या. वस्तू मिळाल्यावर खड्डा पुन्हा एकदा तपासून माती भरा, झाकण पायाने दाबा, पाणी घाला. मे महिन्यात मात्र लॉन कापूच नये, हरळी वाळते. पाऊस संपल्यानंतरचे दोन-तीन महिने उत्तम.

आपल्याकडच्या मुरमात आणि जांभ्यात लोह भरपूर, त्यामुळे ग्राउंड बॅलन्स, म्हणजे डिटेक्टर तिथल्या मातीशी जुळवून घेणं, केल्याशिवाय सुरुवात केलीत तर दगडच वाजत राहतील. नवी मुंबईत भरावाचा वेगळाच ताप. बाहेरून ट्रकने आणलेल्या त्या मातीत बाइंडिंग वायर, सळईचे तुकडे, बाटलीचे बिल्ले. हरवलेली अंगठी शोधताना गुटख्याच्या पुडीची चांदीही खणून बघावीच लागते, कारण सोन्याची बारीक अंगठी आणि ती स्क्रीनवर धातूचा जवळपास सारखाच आकडा दाखवतात. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.

सापडलेलं नाणं चोळू नका. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर तर नाहीच. शिवराईवरची अक्षरं एका घासण्यात जातात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून माती सुटू द्या, सावलीत वाळवा. खाडीकाठच्या खारट मातीतल्या तांब्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली तर ते नाणं वेगळं, कोरड्या डबीत ठेवा. दमट हवेत ती भुकटी पसरत जाते.

आता कुठे खणायचं नाही ते. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तिथे नाही. खारफुटीत नाही. अंबरनाथच्या शिवमंदिरासारख्या केंद्र संरक्षित वास्तूभोवती तर निदान 100 मीटरपर्यंत उत्खनन आणि बांधकामाला बंदी आहे. खासगी जमिनीत मालकाची परवानगी हवी. ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आताच्या कारागृहाच्या जागी, अठराव्या शतकाच्या अखेरीस पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा शके 939चा ताम्रपट निघाला होता. त्यामुळे चपटा पत्रा, खापरांसोबत नाणी किंवा रचलेल्या विटा दिसल्या तर हात मागे घ्या. काहीही न हलवता, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. 1878च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचं पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. ते दहा रुपये अजून दहाच आहेत. त्या अर्जात काय सापडलं, किती, कुठे आणि कोणत्या तारखेला, एवढं लिहायचं असतं. म्हणून फोटोसोबत जागेचं लोकेशनही तिथल्या तिथेच सेव्ह करून ठेवा.