राजाच्या कमरेवरचं कापड

मूर्ती जेमतेम तीस सेंटिमीटरची, तांब्याची, भरीव ओतलेली. उघड्या अंगाचा सुमेरी (प्राचीन दक्षिण इराकमधला) राजा, दोन्ही हातांनी डोक्यावरची माती भरलेली टोपली सावरून उभा. देवळाच्या विटांसाठी राजा स्वतः माती वाहतोय, अशी ही मूर्ती देवळाच्या पायाभरणीत पुरत. निप्पूर या सुमेरी शहरात राजा शुल्गीनं (इ.स.पू. २०९४ ते २०४७) बांधलेल्या इनन्ना देवीच्या देवळात अशा पेट्या जागच्या जागी सापडल्या: भाजलेल्या विटांची पेटी, तिला डांबराचा लेप, आत कापडात गुंडाळलेली मूर्ती, शेजारी फुगीर विटेच्या घाटाची दगडी पाटी, मणी, दगडांच्या कपच्या. एका राजाच्या टोपलीत तर खजुराच्या चार बिया होत्या.

आमच्या जतन-दुरुस्तीच्या टेबलावर आलेली मूर्ती मात्र एकटी. पेटी नाही, दगडी पाटी नाही, देवळाचं नाव कुठल्या कागदावर नाही. जुन्या खरेदी-विक्रीनं केलेलं हे नुकसान कुठल्याच रसायनानं भरून येत नाही.

लेख असलाच तर कमरेखालच्या वस्त्रावर, हिरव्या गंजाच्या थराखाली. आणि त्याच थरात सूक्ष्मदर्शकाखाली उभे-आडवे धागे दिसले! कापड कधीच कुजलं होतं, पण तांब्याच्या क्षारांनी धाग्यांची जागा घेतली होती. स्कॅल्पेल (शस्त्रक्रियेची बारीक सुरी) लावला तर अक्षरं मिळतील, कापड जाईल. क्ष-किरण चित्र काढलं, पण भरीव धातूच्या जाडीत उथळ कोरीव रेघा उमटल्याच नाहीत.

पाठीवर आधीच कुणीतरी आम्लानं घासून लख्ख केलं होतं. तिथे एक धागा उरलेला नाही. चकचकीत म्हणजे स्वच्छ, ही समजूत या धंद्यातून अजून जात नाही.

आम्ही कापड ठेवलं. दक्षिण इराकची माती खारट, त्यामुळे तांब्यात क्लोराइड मुरलेलं असतं. दमट हवा लागली की फिकट हिरवी भुकटी सुटते आणि धातू आतून पोखरला जातो. क्षार काढायला पाण्यात भिजवावं, तर धागे सुटतात. म्हणून भुकटीचे ठिपके तेवढे सुईनं कोरले आणि तिथेच अल्कोहोलमधलं तीन टक्के बेंझोट्रायाझोल, म्हणजे गंज रोखणारं रसायन, ब्रशनं लावलं. टोल्युइन या द्रावकातलं लॅकर (वरून द्यायचा संरक्षक लेप) टाळलं, कारण पायाशी डांबराचा डाग आहे आणि टोल्युइनमध्ये डांबर विरघळतं. आता मूर्ती ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या बंद डब्यात आहे, आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आत.

हा शुल्गी की त्याचा बाप उर-नम्मू, ते लिहिलेलं असलंच तर त्या धाग्यांखालीच आहे. स्कॅल्पेल हातात घेऊन मी दोनदा खाली ठेवला.