रेड असतानाही सिस्टिम डिस्क मिरर केली, त्याची गोष्ट

चाकणच्या आमच्या प्लँटमध्ये उत्पादनाचं शेड्यूलिंग अजूनही ओपनव्हीएमएस या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं. १९७७ साली व्हॅक्स मशिनबरोबर आलेली सिस्टिम म्हटलं की हिंजवडीतले मित्र हसतात. हसू देत. एकत्र काम करणाऱ्या दोन इंटिग्रिटी सर्व्हरचं क्लस्टर आहे, फायबर चॅनलवरून सामायिक स्टोरेज आहे, आणि दोन्ही नोड (म्हणजे सर्व्हर) एकाच सिस्टिम डिस्कवरून बूट होतात. प्रत्येकाचा रूट (स्वतःचं फोल्डर) वेगळा, बाकी फायली सामायिक. पॅच एकदा टाकला की दोघांना लागू. सोय मोठी, पण ती डिस्क म्हणजे एका अ‍ॅरेवरचा (अनेक डिस्कच्या पेटीवरचा) एकुलता एक लन, म्हणजे त्यातून कापून दिलेली डिस्क. डेटाच्या डिस्क दोन इमारतींतल्या दोन अ‍ॅरेंवर कधीच मिरर केलेल्या होत्या, म्हणजे दोन्हीकडे तीच प्रत. ओपनव्हीएमएसमध्ये याला शॅडो सेट म्हणतात आणि त्यातल्या प्रत्येक डिस्कला मेंबर. सिस्टिम डिस्कला मात्र कुणी हात लावला नव्हता.

मीटिंगमध्ये पहिला प्रश्न अपेक्षितच होता. "अहो, अ‍ॅरेमध्ये रेड आहे ना? मग हे कशाला?" रेड अ‍ॅरेच्या आतली एखादी डिस्क गेली तर वाचवतं. दोन्ही कंट्रोलर बसले किंवा त्या इमारतीची वीजच गेली, तर रेड काय करणार? डेटा पलीकडच्या इमारतीत ठणठणीत, आणि तो वाचायला सिस्टिमच नाही. एवढं पटलं. खरी घासाघीस डाउनटाइमवरून झाली. एरवी आम्ही एकेक नोड आळीपाळीने रीबूट करतो आणि शॉप फ्लोअरला पत्ताही लागत नाही. इथे ते जमत नाही, कारण तीच डिस्क एका नोडवर साधी आणि दुसऱ्यावर शॅडो सेटची मेंबर, असं क्लस्टर चालू देत नाही. दोन्ही नोड एकदम खाली घ्यावे लागतात. शेवटी गुरुवार मिळाला; या पट्ट्यातल्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, त्याचा असाही उपयोग.

तयारीतला सगळ्यात कंटाळवाणा भाग म्हणजे जुन्या स्क्रिप्ट चाळणं. डिस्कचं नाव बदलणार होतं: डीजीए १०१ ऐवजी शॅडो सेटचं डीएसए १०. गेल्या कित्येक वर्षांत कुणी कुणी थेट डिस्कचं नाव लिहून ठेवलेल्या कमांड फायली सर्च मारून शोधल्या आणि लॉजिकल नावांवर (डिस्कच्या टोपणनावांवर) आणल्या. बॅकअपच्या स्क्रिप्ट सर्वांत वाईट निघाल्या.

प्रत्यक्ष बदल तीन ओळींचा. सिस्टिमच्या सेटिंगच्या मॉडपॅरॅम्स फाईलमध्ये शॅडोइंग २, शॅडो_सिस_डिस्क १, शॅडो_सिस_युनिट १०, मग ती लागू करणारं ऑटोजेन. ही फाईल प्रत्येक नोडच्या रूटमध्ये वेगळी असते आणि युनिट नंबर दोन्हीकडे एकच लागतो. शॅडोइंगचं लायसन्सही दोन्ही नोडवर लागतं.

गुरुवारी सकाळी पहिला नोड वर आला तो एकाच मेंबरच्या शॅडो सेटवर. हे मुद्दाम. आधी एकटी डिस्क शॅडो म्हणून नीट चालते का बघायचं, मग दुसरी जोडायची. जोडताना खरी धाकधूक दिशेची असते. कॉपी म्हणजे समोरच्या डिस्कवर जे काही असेल त्याच्यावर नांगर. म्हणून नवा लन आधी 'स्क्रॅच_डिस्क' या लेबलने इनिशियलाइज केला आणि डिस्क जोडणाऱ्या माऊंट कमांडला व्हेरिफाय लेबलची पॉलिसी जोडली. ते लेबल नसलेल्या डिस्कला मग माऊंट हात लावत नाही. शिवाय कन्फर्म क्वालिफायर दिला, म्हणजे कॉपीआधी ते विचारतं. शेजारी उभ्या सहकाऱ्याला डिव्हाइसचं नाव मोठ्याने वाचायला लावलं आणि मगच 'वाय' दाबलं. मग शो शॅडो कमांडमध्ये कॉपीचे टक्के चढताना बघत वडापाव.

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यायला हवा तो बूटच्या मार्गांना. फर्मवेअरला, म्हणजे मशिन चालू होताच आधी धावणाऱ्या प्रोग्रॅमला, शॅडो सेट वगैरे कळत नाही. ते एक खरी डिस्क वाचतं. पुढे शॅडोइंग ड्रायव्हर उभा राहिला की तो तिच्यावरच्या नोंदी बघून बाकीचे मेंबर शोधतो. म्हणजे पहिला अ‍ॅरे गेला आणि ईएफआयच्या (त्याच फर्मवेअरच्या) मेनूत दुसऱ्याचा पत्ताच नसेल, तर मिरर असून नसल्यासारखा. बूट_ऑप्शन्स प्रोसिजरने दोन्ही नोडवर, दोन्ही मेंबरचे, प्रत्येक फायबर पोर्टचे मार्ग टाकले आणि त्या त्या नोडच्या रूटचा फ्लॅग तपासला. दुसऱ्या मेंबरवरून बूट करून पाहिलं, पण कॉपी पूर्ण झाल्यावरच. सेट दुसऱ्या नोडवर माऊंट असताना अर्धवट कॉपी झालेल्या मेंबरवरून बूट केलं तर सिस्टिम शॅडबूटफेल म्हणून क्रॅश होते. मला तो क्रॅश आवडतो. चुकीच्या डिस्कवरून गुपचूप वर येण्यापेक्षा शंभर पटीने बरा.

क्वोरम डिस्क, म्हणजे क्लस्टर चालू ठेवायला लागणाऱ्या मतांत स्वतःचं मत देणारी डिस्क, शॅडो सेटमध्ये घेताच येत नाही. ती एकाच अ‍ॅरेवर राहिली, पण दोन नोडची दोन मतं आणि तिचं एक अशी तीन मतं, क्वोरम (किमान मतं) दोन. तो अ‍ॅरे गेला तरी दोघे नोड मिळून तग धरतात.

चाचणीला स्विचवर पहिल्या अ‍ॅरेचे पोर्ट बंद केले. स्क्रीन गोठल्या. गेलेल्या मेंबरची किती वाट बघायची ते ठरवणाऱ्या शॅडो_सिस_टीएमओची डिफॉल्ट किंमत १२० सेकंद आहे हे पाठ असूनही ती दोन मिनिटं फार लांब वाटली. प्लँट हेड दोनदा म्हणाले, "अडकलं का?" मग कन्सोलवर मेंबर काढल्याचा संदेश आला आणि सगळं जिथल्या तिथून पुढे चालू झालं. पोर्ट परत उघडल्यावर मेंबर आम्ही हाताने जोडला. स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये सिस्टिम डिस्कचे मेंबर जोडणारी ओळ मी टाकलेली नाही आणि कुणाला टाकू देणार नाही: उद्या कुणी शिळ्या मेंबरवरून बूट केलं, तर तीच ओळ ताज्या डिस्कवर शिळा माल ओतेल.

एक काम पुढच्या गुरुवारवर ढकललंय, क्रॅश डंपचं (क्रॅशच्या क्षणी मेमरीत काय होतं त्याची नोंद). क्रॅश होताना शॅडोइंग ड्रायव्हर चालू नसतो, त्यामुळे डंप फक्त बूट झालेल्या मेंबरवर लिहिला जातो आणि नंतरच्या मर्जमध्ये (मेंबर पुन्हा एकसारखे करताना) पुसला जाऊ शकतो. म्हणून दोन्ही नोडचे डंप सिस्टिम डिस्कबाहेर वेगळ्या लनवर हलवायचेत. त्या लनची मागणी स्टोरेजवाल्यांकडे गेली आहे.