पाचपैकी चार

माझं काम मेडिकल कोडिंगचं. डॉक्टरांनी लिहिलेलं निदान वाचायचं आणि त्याचा कोड टाकायचा. रोजचे कोड आता बोटांनाच पाठ आहेत. मध्यंतरी एक क्वचित दिसणारा समोर आला: एफ ६४.२, बालपणीचा ‘जेंडर आयडेंटिटी डिसऑर्डर’, म्हणजे आपण मुलगा की मुलगी या ओळखीबद्दलचा विकार. हे कोड आयसीडीतले, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतले; आमच्याकडे अजून तिची दहावी आवृत्तीच चालते. त्या मुलाबद्दल काही लिहिणार नाही, लिहूही नये.

पण मला माझाच एक फोटो आठवला. वय आठ, दादाची हाफपँट, कानांच्या वर कापलेले केस, गुडघ्यावर खपली.

रात्री डीएसएमच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथाच्या, १९९४ च्या चौथ्या आवृत्तीतली यादी काढून बसले. लहान मुलांसाठी पाच लक्षणं, त्यातली चार भरली की झालं. मुलग्यांचे कपडे घालायचा हट्ट? होता. खोट्या खोट्या खेळात मुलग्याची भूमिका? मी कायम दरोडेखोरांचा सरदार. मुलग्यांचे खेळ? हो. मित्रमंडळीत मुलगेच? हो. चार झाली की! पाचवं लक्षण म्हणजे ‘मला मुलगा व्हायचंय’ असं वारंवार म्हणणं. ते मी कधीच म्हटलं नव्हतं, पण त्यावाचून काही अडत नव्हतं.

तेवढ्यावर निदान होत नसे, हे खरं. आणखी अटी होत्या. आपल्या लिंगाबद्दल सतत अस्वस्थता हवी. मुलींच्या बाबतीत बायकी कपड्यांचा तिटकाराही त्यात धरत. (फ्रॉक दिसला की मी भोकाड पसरायचे.) शिवाय त्रास व्हायला हवा. त्रास होता ना, फक्त तो आत्याला होता.

२०१३ साली डीएसएमच्या पाचव्या आवृत्तीत ‘डिसऑर्डर’ जाऊन ‘जेंडर डिस्फोरिया’ (आपल्या लिंगाबद्दलची अस्वस्थता) आलं. चर्चा झाली ती नावाचीच. मला मात्र दुसरा बदल मोठा वाटतो: आता आठपैकी सहा लक्षणं लागतात आणि त्यात दुसऱ्या लिंगाचं असण्याची मुलाची स्वतःची तीव्र इच्छा किंवा ‘मी दुसऱ्याच लिंगाचा आहे’ हा आग्रह असावाच लागतो. मुलाच्या कपाटाआधी त्याच्या मनात डोकवायचं, एवढं ठरायला एकोणीस वर्षं गेली.

आयसीडीची अकरावी आवृत्ती आणखी पुढे गेली. २०१९ मध्ये मंजूर झाली, १ जानेवारी २०२२ पासून लागू. हा विषय दहाव्या आवृत्तीतल्या मानसिक विकारांच्या पाचव्या प्रकरणातून उचलून लैंगिक आरोग्याच्या सतराव्यात नेला. नुसत्या वागण्यावरून, आवडीनिवडींवरून निदान करू नये, असंही त्यात स्पष्ट लिहिलंय.

“तिथूनही काढून टाकायला हवं होतं,” मी एका ट्रान्स मैत्रिणीला तावातावाने म्हटलं.

“काढा खुशाल. मग माझे हॉर्मोन्स कशाच्या नावावर लिहिणार? सर्दीच्या?”

मी गप्प. कोड नसेल तर विम्याचा दावा कसा परत येतो, हे मी तिला काय सांगणार! आणि आजार नसताना कोड असू नये असं थोडंच आहे? गरोदरपणालाही आहेच की. त्याचं प्रकरण अठरावं, अगदी शेजारचं.

मोठ्यांचं मला पटलं. मुलांचं नाही. अकराव्या आवृत्तीतही वयात येण्याआधीच्या मुलांसाठी एचए ६१ हा वेगळा कोड ठेवलाय. त्यात मी बसले नसते; नुसती हाफपँट चालत नाही, तीव्र इच्छा लागते आणि सगळं साधारण दोन वर्षं टिकावं लागतं. पण त्या वयात ना हॉर्मोन्स द्यायचे, ना शस्त्रक्रिया करायची. मग कोड कशाला? समुपदेशनाचं दार उघडं राहावं म्हणून, असं बाजूने बोलणारे सांगतात. समुपदेशन घरच्यांना हवं असेल, तर कोड त्यांच्या कागदावर टाका.

परवा आईला फोन करून विचारलं, तेव्हा माझी काळजी नाही का गं वाटली?

“कसली?”

“केस कापायला लावले मी.”

“अगं, मानेला टोचतात म्हणालीस. म्हणून कापले.”