रस्ता वर, अंगण खाली

आमच्या मोहल्ल्यात गेल्या वर्षी सिमेंटचा रस्ता झाला आणि तेव्हापासून आलेला प्रत्येक पाहुणा "आता तरी समाधान आहे ना?" असे विचारतो. वर्षभर पाहिल्यावर मला वाटते की या प्रश्नाचे उत्तर घरागणिक निराळे आहे, आणि ते बरेचसे त्या घराच्या जोत्याच्या उंचीवर ठरते.

आमची जमीन काळी, कपाशीची. पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. आषाढात कोणी आजारी पडले, तर त्याला बाजेवर घालून डांबरी सडकेपर्यंत न्यावे लागे. आता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका दारात येते, शाळकरी मुलींच्या सायकली चिखलात रुतत नाहीत आणि तान्ह्या पोळ्याला लहानग्यांचे लाकडी नंदी न अडखळता घरोघर फिरतात. याचा मला मनापासून आनंद आहे.

परंतु जुने खडीकरण न खोदता त्यावरच मुरूम आणि सिमेंट घातल्यामुळे रस्ता दीड वीत उंच झाला. आमचे जोते उंच असल्याने आमची केवळ एक पायरी गेली. समोरच्या आजींचे घर मात्र मातीचे, जुने, आणि त्यांचा उंबरठा आता रस्त्याच्या खाली आहे. नाली बांधली गेली, पण तिला नाल्याकडे पुरेसा उतार मिळाला नाही. पहिल्याच मोठ्या सरीत सारे पाणी आजींच्या अंगणात शिरले आणि भिंतीचा पायथा हातभर ओला झाला. "रस्ता सर्वांचा झाला बाप्पा, पाणी माझ्या एकटीचं झालं," असे त्या म्हणाल्या, तेव्हा मला उत्तर सुचले नाही.

लिंबाच्या पारालाही गुळगुळीत फरशी बसवली आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की ती दिवेलागणीपर्यंत तापलेली असते, त्यामुळे म्हातारी माणसे पाराऐवजी कोणाच्या तरी ओट्यावर बसतात. बुंध्याभोवती मातीही मोकळी ठेवलेली नाही, याचे मला अधिक वाईट वाटते.

वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे आणि कामाचे अंदाजपत्रक तिथे मागता येते. आम्ही ते वेळेवर मागितले नाही. निधी किती आला याची चर्चा झाली. रस्त्याची पातळी कोणत्या उंबरठ्यावरून धरणार, हे कोणीही विचारले नाही, मीही नाही. १५ ऑगस्टच्या सभेत मी ते विचारले, आणि पुढच्या गल्लीत आधी जुनी खडी काढावी व सर्वांत खालच्या घराचे जोते मोजून मगच उतार ठरवावा, असा ठराव झाला. तिथे खोदकाम सुरू झाले आहे.

आजींच्या अंगणाचे मात्र अजून काही ठरलेले नाही. येत्या रविवारी आम्ही तीन घरची माणसे मिळून त्यांच्या दारापासून नाल्यापर्यंत चर खोदणार आहोत.