किलवर पंजी

आमच्या घरच्या पत्त्यांच्या कॅटमध्ये किलवर पंजी नाही. म्हणजे आहे, पण ती लग्नपत्रिकेची आहे. मूळची पंजी केव्हाच हरवली. मग हिने कुणाच्या तरी पत्रिकेतून मापाचा तुकडा कापला, बॉलपेनने पाच किलवर काढले आणि कॅटमध्ये सारला. त्याच्या पाठीवर अर्धा गणपती आणि ‘आमचे येथे श्री’ एवढंच उरलं आहे. त्यामुळे ती पंजी कुणाच्या हातात आहे, हे समोरच्याला लख्ख दिसतं.

मे महिन्यात नातवंडं येतात. थोरली दहाची, धाकटा साडेपाचचा. ‘मोबाइल ठेवा’ असं मी आता म्हणत नाही, त्याने तो आणखी घट्ट धरला जातो. जेवणं झाली की मी सतरंजी टाकतो आणि नुसता पत्ते पिसत बसतो. त्या फर्रर्र आवाजाला दोघंही येतात. उशिरा येतात, पण येतात.

सुरुवात भिकार-सावकारने. या खेळाला काडीची अक्कल लागत नाही, हेच त्याचं मोठेपण. वरचं पान उलटायचं, आकडा जुळला की ढीग आपला. चौतीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे पैसे सांभाळलेला मी पंधरा मिनिटांत भिकारी होतो आणि ज्याला शंभरापर्यंत धड मोजता येत नाही तो सावकार. मुद्दाम हरायची गरजच पडत नाही. मुद्दाम हरलेलं पोरांना लगेच कळतं, आणि त्यांना ते मुळीच आवडत नाही.

झब्बू मात्र धाकट्याला अजून पटलेला नाही. “जिंकलं कोण?” तो दर वेळी विचारतो. झब्बूत कुणी जिंकत नाही. एकेक जण सुटतो आणि शेवटी एकाच्याच हातात पानं उरतात. बहुतेक वेळा माझ्या.

थोरलीचा जीव पाच-तीन-दोनवर. सत्तीच्या खालची सगळी पानं बाजूला, सत्त्या फक्त इस्पिक आणि बदामच्या. एकूण 30 पानं, तिघांना दहा-दहा. पाच हात करायचे त्याने हुकूम बोलायचा. कमी पडले तर पुढच्या डावात समोरचा आपल्या हातातलं पान ओढतो. ही उधारी ती माझ्यापेक्षा चोख लक्षात ठेवते. शिवाय यात किलवर पंजी नसते, त्यामुळे आमच्या घरात निर्दोष म्हणता येईल असा हा एकच खेळ.

एकदा मी त्यांना सावंतवाडीच्या गंजिफ्याबद्दल सांगत होतो. गोल पानं, हाताने रंगवलेली. दहा अवतार, प्रत्येकाची बारा, मिळून 120. धाकट्याने गंभीरपणे विचारलं, “त्यातलं हरवलं तर?” “गोल पत्रिका शोधायची,” आजी म्हणाली.

मोबाइलवरही पत्ते आहेत म्हणे. थोरलीने दाखवले. पिसायचे नाहीत, वाटायचे नाहीत, चुकीचं पान टाकू म्हटलं तर तो टाकूच देत नाही. मग भांडायचं कुणाशी? आमच्याकडे दुपारी निम्मा वेळ भांडणातच जातो. कोणी वाटताना खालचं पान पाहिलं, कोणी हातात किलवर असून झब्बू दिला, कोणी आजीला डोळ्यांनी खुणावलं. गेल्या वर्षी मी नवा कोरा कॅट आणला होता. दोन डाव झाले आणि थोरलीने तो खोक्यात भरून ठेवला. “यात काही कळतच नाही, आबा.”

काल बदाम सात चालू होता. किलवरची छक्की लागलेली. माझ्याकडे चौरी आणि दुर्री अडकून पडलेल्या. पाळी धाकट्याची. त्याने इवल्याशा दोन्ही हातांनी पानं छातीशी धरली होती, आणि बोटांच्या फटीतून अर्धा गणपती आम्हा तिघांकडे बघत होता.

“पास,” तो म्हणाला.

थोरलीने तोंड उघडलं. आजीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि आपली बदामची राणी खाली लावली.