बंदोबस्ताआधीची बैठक, मिरवणुकीनंतरची पंगत

पुण्याच्या मध्यवस्तीतील आमच्या मंडळाचे दोन मेळावे दरवर्षी ठरलेले असत: गणेशोत्सवाच्या तोंडावर पोलीस मित्रांची, म्हणजे बंदोबस्तात पोलिसांना मदत करणाऱ्या स्वयंसेवकांची, बैठक आणि विसर्जन मिरवणूक पार पडल्यावरचा श्रमपरिहार. देखाव्यांवर आणि ढोल-ताशांवर पुष्कळ लिहिले जाते. या दोन मेळाव्यांकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष जात नाही.

बैठक जवळच्या शाळेच्या सभागृहात भरे. वरिष्ठ निरीक्षक कायद्याची बाजू थोडक्यात सांगत. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये विशेष पोलीस अधिकारी नेमण्याची तरतूद आहे, परंतु पोलीस मित्र म्हणजे तसा अधिकारी नव्हे. त्याने कोणाला पकडायचे नाही, काठी उगारायची नाही, फक्त विनंती करायची आणि गरज पडल्यास पोलिसांना बोलवायचे, असे ते बजावत. मग टोपी, ओळखपत्र आणि शिट्टी यांचे वाटप होई, आणि पाठोपाठ शिट्टी उगाच वाजवू नये अशी सूचना येई, जी तरुण मंडळींच्या जिवावर येत असे.

खरी शिकवणी मात्र एका जुन्या हवालदारांची. सगळा परिसर त्यांना 'काका' म्हणे. ते बाकांच्या मधल्या वाटेत दोर ताणून दोघातिघांना उभे करीत आणि म्हणत, "दोराचा वेढा मनगटाला कधी घ्यायचा नाही. रेटा आला की दोर सुटला तरी चालेल, हात सुटता कामा नये." गर्दीकडे तोंड करून उभे राहायचे, मिरवणुकीकडे पाठ, हा त्यांचा दुसरा नियम. रात्रभर गणपतींच्या सोबत राहून एकाही गणपतीचे दर्शन न घेणे किती अवघड असते, हे ज्याने ते केले त्यालाच कळेल.

एखादे वर्षी निरीक्षक भिवंडीचा दाखला देत. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या त्या गावात १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, त्यांत सर्व धर्मांचे सामान्य रहिवासी आणि पोलीस एकत्र बसू लागले, आणि १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. आमच्या दोर धरण्याला एवढा मोठा संदर्भ आहे हे ऐकून आम्ही थोडे ताठ बसत असू.

मिरवणुकीच्या दिवशी मंडईतून मानाचा कसबा गणपती निघाला की पुढचा सारा दिवस आणि रात्र आम्ही लक्ष्मी रस्त्यावर असू. कामे साधीच होती: चुकलेल्या मुलाला मदत केंद्रावर नेणे, आजीबाईंना दुकानाच्या पायरीवर जागा करून देणे, रुग्णवाहिका आली की साखळी करून वाट मोकळी करणे. दगडूशेठचा गणपती २०२३ पासून दुपारीच मिरवणुकीत येऊ लागला. त्यापूर्वी तो रात्री उशिरा निघत असल्याने बेलबाग चौकातील मंडळींना झोपेशी झगडत थांबावे लागे.

श्रमपरिहार त्यानंतरच्या रविवारी असे. मसालेभात, मठ्ठा, जिलेबी हा बेत बदलल्याचे मला आठवत नाही. वाढायला मंडळाचे कार्यकर्ते असत आणि पहिली पंगत पोलिसांची, कारण बंदोबस्तात त्यांच्या वाट्याला अनेकदा वडापाव आणि तोही उभ्यानेच येतो. पण काका त्या पंगतीत कधी बसत नसत. बाह्या सरसावून जिलेबीचे ताट घेऊन फिरत आणि मिरवणुकीत कोण कुठे पेंगत होता याचा हिशेब ज्याच्या त्याच्या पानाशी थांबून मोठ्याने देत. चौकीची पायरी चढायला कचरणाऱ्या आमच्या गल्लीतील बायकाही तिथे एखाद्या महिला पोलीस शिपायाशी सून-मुलांच्या गोष्टी बोलत, आणि पुढे कोणाच्या घरी चोरी झाली वा भाडेकरूची नोंद करायची असली की "त्या ताईंना विचारू" असे सहज म्हटले जाई. माझ्या मते बैठकीपेक्षा पोलिसांच्या उपयोगी पडली ती ही पंगतच.

आता सूचना मोबाईलवर येतात, त्यामुळे बैठक अर्ध्या तासात आटोपते. ते सोयीचे आहे, पण दोर कसा धरायचा हे मोबाईलवर शिकवता येत नाही, म्हणून काका निवृत्त झाल्यावर तो भाग आमच्यापैकी जुन्या दोघांनी आपल्याकडे घेतला आहे. यंदा त्या शिकवणीला महाविद्यालयातील मुलीही बऱ्याच होत्या, आणि शिट्टीबद्दलची सूचना त्यांनाही मुळीच रुचली नाही.