इंजिन खांद्यावर कोण नेणार?

जूनच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या बोटीचं इंजिन नदीच्या मधोमध धरलं. धरलं म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्येच चिकटून बसला, दोरी ओढली तरी तसूभर हलेना. वडील, म्हणजे आप्पा, एकटेच होते, पलीकडच्या मळ्यातनं वैरणीच्या पेंड्या घेऊन येत होते, पाणी लाल झालेलं आणि ओढ पण लागलेली, वल्ही बोटीतच होती म्हणून वाचले, खाली बरंच लांब वाहत जाऊन काठाला लागले. घरी येऊन एवढंच म्हणाले, "इंजिन गेलं." बाकीचं मला फोनवर आईनं सांगितलं आणि मी त्याच रात्री बेळगावहून गाडी काढली.

आमचं गाव चिक्कोडी तालुक्यात कृष्णेच्या काठाला, घर अलीकडं आणि पावणेदोन एकर ऊस आणि वैरण पलीकडं. उन्हाळ्यात कल्लोळ-येडूर बंधाऱ्यावरनं गाडी जाते, पण पावसाळ्यात बंधारा पाण्याखाली गेला की अंकली-मांजरी पुलावरनं फेरा मारायचा, आणि दोन म्हशींच्या वैरणीसाठी रोज असला फेरा कोण मारणार. म्हणून सोळा फुटी फायबरची बोट आणि तिला आठ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलातच ऑइल मिसळून चालणारं इंजिन, 2016 ला मालवणहून सेकंडहँड आणलेलं. 2019 च्या ऑगस्टात जो महापूर आला, यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी येऊन हायवेच बंद झाला होता, तेव्हा ह्याच इंजिनवर आप्पांनी आणि त्यांच्या भावानं, तात्यांनी, आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं आणि लेकरं बाहेर काढली. त्यामुळं घरात ह्या इंजिनचा विषय निघाला की तो नुसता पैशाचा राहत नाही.

तात्यांचं म्हणणं सरळ होतं. "अरे जुनं मशीन ते, आज हे काढशील उद्या ते काढशील, नवीन घे आणि सुटून जा, नदीत मधेच बंद पडलं तर भावाचा जीव जायचा माझ्या." आणि खरं सांगतो, मला पण तेच वाटत होतं. तालुक्याच्या गावात एका दुकानात चौकशी केली तर पार्ट मिळणारच नाहीत, भंगारात घाला म्हणाले, न उघडताच. नवीन टू-स्ट्रोकला दीड लाखाच्या वर भाव सांगत होते. फोर-स्ट्रोक त्याहून महाग, पण पेट्रोल कमी खातं, ऑइल मिसळायची कटकट नाही, आवाज कमी, मी जवळजवळ ठरवलंच होतं की कर्ज काढून फोर-स्ट्रोकच घ्यायचं.

मग वजन बघितलं. आमचं जुनं सत्तावीस किलोचं आहे, आणि त्या ताकदीचं फोर-स्ट्रोक चाळीसच्या आसपास भरतं. कागदावर तेरा किलोचा फरक काहीच वाटत नाही. पण आमच्याकडं इंजिन रात्री बोटीवर ठेवत नाहीत, चोरीची भीती आणि पाणी कधी चढेल याचा नेम नाही, कोयनेतनं सोडलं की आमच्याकडं एका रात्रीत काठ बदलतो. म्हणून रोज संध्याकाळी आप्पा ते इंजिन खांद्यावर घेऊन चिखलातनं काठ चढतात आणि सकाळी परत नेऊन लावतात. वय चौसष्ट. त्यांच्या उजव्या खांद्यावर जिथं इंजिनचा दांडा टेकतो तिथली कातडी जाड होऊन काळी पडलीय, आंघोळीच्या वेळी दिसते. चाळीस किलो त्या खांद्यावर ठेवून निसरडा काठ चढायला मी त्यांना सांगणार होतो, आणि मी स्वतः आठवड्यातनं एकदा शनिवारी येणारा माणूस. हे लक्षात आल्यावर फोर-स्ट्रोकचा विषय मी सोडून दिला.

आता राहिलं दुरुस्ती का नवीन टू-स्ट्रोक. इथं मला एक गोष्ट मनापासून सांगायचीय, ठरवायच्या आधी ते का मेलं हे कळलं पाहिजे. कारण कळलं नाही तर नवीन आणलेलं पण त्याच कारणानं मरणार.

गावात मोटरसायकलचं गॅरेज चालवणारे एक मामा आहेत, कन्नड घरातले पण आमच्याशी मराठीतच बोलतात, त्यांच्याकडं घेऊन गेलो. प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडलं आणि दोन दिवस तसंच ठेवलं, मग चाक हळूहळू फिरायला लागलं. कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब बघायचं मीटर, लावला तर खालचा सिलिंडर एकशेदहाला आणि वरचा साठला. दोन्हीत दहा टक्क्यांच्या वर फरक असू नये म्हणतात, इथं तर निम्म्यावरच आला होता. मामा आधी म्हणाले कार्बोरेटर तुंबला असणार, हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, पाणी ओढून घेतं, पेट्रोल कमी गेलं की टू-स्ट्रोकला ऑइल पण कमीच जातं आणि पिस्टन धरतो. मला पण पटलं होतं. पण ह्या इंजिनला दोन सिलिंडरना मिळून कार्बोरेटर एकच आहे, त्यात कचरा असता तर दोन्ही सिलिंडर सारखेच खराब व्हायला पाहिजे होते. वरचाच का गेला? गार करायचं पाणी खालनं वर चढतं, पाणी कमी पडलं की आधी वरचा तापतो. मामांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "आयतु, नोडोण." म्हणजे बरं, बघूया. "खालचं उघडू."

खालचा भाग उघडला आणि सगळं समोर आलं. पाणी वर ढकलणारी रबराची फिरकी असते, इंपेलर, तिची दोन पाती गायब होती आणि उरलेल्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या. तुटलेले रबराचे तुकडे वर पाण्याच्या नळीत अडकलेले. आणि हेडभोवतीच्या पाण्याच्या वाटांत पांढरट कडक थर, मालवणच्या खाऱ्या पाण्यातली वर्षं तिथं चुन्यासारखी बसलेली, वरनं आमच्या कृष्णेचा गाळ. नऊ वर्षांत ती फिरकी आम्ही एकदाही बदलली नव्हती. पाण्याची बारीक धार मागनं पडते ती बंद झाली की लगेच इंजिन बंद करायचं एवढं आप्पांना माहीत होतं, पण त्या दिवशी पेंड्यांच्या आड ती धार दिसलीच नाही.

चांगली बाजू अशी की गिअरचं ऑइल स्वच्छ निघालं. ते दुधासारखं पांढरं असतं तर सील जाऊन आत पाणी शिरलंय, मग गिअर, बेअरिंग सगळ्याचाच भरवसा नाही. आमचं तसं नव्हतं. म्हणजे प्रश्न वरच्या एका सिलिंडरवर येऊन थांबला. मामांनी माझं बोट धरून आत फिरवलं, नखाला उभी चीर लागत होती, एक खोल आणि तिच्या शेजारी दोन-तीन बारीक.

तिथंच मी आणि आप्पांनी मिळून ठरवलं. सिलिंडरचा ब्लॉक घेऊन उद्यमबागला जायचं, बेळगावात ह्या कामाला तिथं माणसं आहेत, फाउंड्री आणि मशीन शॉपवरच उभी राहिलेली ती वसाहत. बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, अर्धा मिलिमीटर वाढवून चीर गेली तर दुरुस्ती, नाही गेली तर तेवढ्यावर सोडायचं आणि नवीन टू-स्ट्रोक बघायचं. त्याच्या पुढं सिलिंडरची आतली नळी, स्लीव्ह, बदला, दुसरा ब्लॉक शोधा असल्यात पडायचं नाही. ही हद्द आधीच ठरवली ते फार बरं झालं, कारण एकदा पैसे घालायला लागलं की थांबवत नाही, आणि बंधारा बुडायला दोन-तीन आठवडेच उरले होते.

बोअरिंगवाल्यानं आधी पाव मिलिमीटर घेऊन बघितलं, चीर दिसतच होती. आप्पा मशीनपासून हलले नाहीत. अर्ध्यावर आल्यावर त्यानं आत टॉर्च मारला, मग आप्पांना बोलावलं, आप्पांनी नख फिरवलं. दोनदा फिरवलं. मग माझ्याकडं बघून नुसती मान हलवली. मालवणला ओळखीच्या एका खलाशाकडनं ओव्हरसाइज पिस्टन, रिंगा, गॅस्केट आणि दोन इंपेलर मागवले, एसटी पार्सलनं आले. दोन्ही सिलिंडर सारखे करून घेतले, पाण्याच्या वाटा मामांनी तारेनं खरवडून साफ केल्या, एक बोल्ट गंजून मोडला तो काढायला आख्खा दिवस गेला. सगळं मिळून चौतीस हजारांच्या आसपास.

ऑइलबद्दल पण सांगतो कारण आमच्याकडं बरेच जण चुकतात. मोटरसायकलचं टू-टी ऑइल बोटीला घालतात, आम्ही पण घालत होतो. बोटीचं इंजिन पाण्यानं गार होतं, त्याला टीसी-डब्ल्यू-थ्री लिहिलेलं वेगळं ऑइल लागतं, त्याची राख आत बसत नाही. नेहमी लिटरला वीस मिली, पण नवीन पिस्टन बसायला पहिले काही तास लिटरला चाळीस. आणि पाण्याबाहेर अर्धा मिनिट पण चालवून बघायचं नाही, कोरडी फिरकी लगेच जळते. आम्ही दारातल्या पाण्याच्या बॅरलमध्ये बुडवून चालू केलं, तिसऱ्या ओढीला लागलं, धूर भरपूर झाला, आणि मागनं धार पडली, जाड, सरळ, कोमट. आई ओंजळ धरून उभी होती.

तात्या दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, धार बघितली, हात लावून बघितला, म्हणाले, "पहिल्यांदा मी जातो ह्याच्याबरोबर." आणि गेले दोघं, वल्ही घेऊन, मी काठावर. पलीकडं पोचून आप्पांनी हात वर केला तोपर्यंत मी घड्याळ बघत होतो, चार मिनिटं.

आता पेंड्या पुढं रचतात, मागची धार दिसली पाहिजे म्हणून. दुसरा इंपेलर पिशवीत घालून देवळीत ठेवलाय, गणपती झाल्यावर पाणी उतरलं की बदलायचा. आणि शनिवारी मी आलो की इंजिन मी चढवतो.